गालिच्याला खिळे ठोकले तेव्हापासून

व्हॅक्युम क्लीनरची जन्मकथा सहसा शोधकर्त्यांच्या नावांनी सांगितली जाते. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ साली धूळ ओढून घेणारे यंत्र बनवले, अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लरने १९०८ साली ते घरात मावेल एवढे लहान केले आणि गृहिणीची धुळीच्या कष्टांतून सुटका झाली, असा तिचा सारांश. नावे खरी आहेत, सालेही खरी आहेत. तरी या कथेत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. गालिचे निदान अडीच हजार वर्षे विणले जात आहेत. ज्या इराणात, तुर्कस्तानात, मध्य आशियात ते सर्वांत जास्त वापरले गेले तिथे धुळीची कधीच वाण नव्हती. भाता, पंखा, पंप ही साधनेही बूथच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या हाताशी होती. मग गालिच्यातली धूळ जागच्या जागी उपसून काढण्याची निकड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच, आणि तीही इंग्लंड-अमेरिकेतच, का भासावी? माझे उत्तर असे, की त्या काळात त्या दोन देशांत सामान्य मध्यमवर्गीय घरांतल्या गालिच्यांना पहिल्यांदाच सर्रास खिळे ठोकले गेले. उचलता येणारी वस्तू जमिनीचा भाग झाली. गालिचा साफ करणाऱ्या यंत्रांचे कूळ शोधत मागे गेले, तर ते त्या खिळ्यापाशी पोहोचते.

खिळ्याच्या आधीचा गालिचा कसा होता हे प्रथम पाहू. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना अखंड गाठींचा गालिचा सर्गेई रुदेंको या पुरातत्त्वज्ञाला १९४९ साली सायबेरियाच्या आल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या थडग्यात सापडला. तो सुमारे दोन मीटर लांबी-रुंदीचा, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातला आहे. हा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन माणसांना तो सहज गुंडाळता येतो, घोड्यावर लादता येतो. पुढे राजदरबारांसाठी अवाढव्य गालिचे विणले गेले, तरी तेही अंथरायचे आणि उचलायचेच. मोगल दरबारात या कामासाठी फरास नेमलेले असत आणि तंबू, बिछायती, गालिचे यांचे स्वतंत्र खाते असे. शिवकालीन राज्यकारभारातल्या अठरा कारखान्यांत फरासखाना मोडतो तो याच कामासाठी, आणि पुण्याच्या बुधवार पेठेत पोलीस ठाण्याच्या नावात तो अजून टिकून आहे. गालिचा अंथरणे, झाडणे, उन्हात टाकणे, गुंडाळून कोठीत ठेवणे ही एकाच माणसाची, एकाच साखळीतली कामे होती. राखण आणि सफाई ही वेगळी कामे मानलीच जात नव्हती, कारण प्रत्येक वेळी गुंडाळताना गालिचा पालथा होई, झटकला जाई आणि त्याची पाठ डोळ्यांखालून जाई.

इराणात नवरोजच्या आधी घर झाडून काढण्याची जुनी रीत आहे. त्या दिवसांत घरातले गालिचे बाहेर निघतात. तेहरानलगतच्या रे इथे चश्मा-अली नावाच्या झऱ्यावर गालिचे धुऊन शेजारच्या कातळावर वाळत घालण्याची प्रथा प्रसिद्ध होती. काशानजवळच्या मशहद-ए-अर्देहाल इथे तर गालिचा धुणे हाच धार्मिक विधी आहे. शिया परंपरेतले पाचवे इमाम मुहम्मद अल्-बाकिर यांचे पुत्र सुलतान अली यांच्या हौतात्म्याची आठवण म्हणून तिथे दर शरद ऋतूत लोक हातात काठ्या घेऊन गालिचा मिरवत नेतात आणि प्रतीकरूपाने तो ओढ्यावर धुतात. २०१२ साली युनेस्कोने या विधीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. या साऱ्यांत समान धागा एकच: गालिचा पाण्याकडे नेला जातो, पाणी किंवा यंत्र गालिच्याकडे येत नाही. थंडीच्या देशांतही हेच दिसते. रशियात आणि स्कँडिनेव्हियात कोरड्या बर्फावर गालिचा पालथा टाकून झोडपतात, हेलसिंकीत समुद्रकाठी सार्वजनिक धक्क्यांवर चिंध्यांच्या सतरंज्या धुण्याची रीत आहे, पोलंडमधल्या इमारतींच्या अंगणांत गालिचे टाकून झोडण्यासाठी लोखंडी आडवे दांडे रोवलेले असतात. हवामान वेगळे, धर्म वेगळा, पण जिथे गालिचा सुटा आहे तिथे कृती एकच आहे.

ही कृती अडाणी वाटते, पण तिच्यामागचे गणित नेमके आहे. गाठींच्या गालिच्याला दोन थर असतात: खाली उभ्या-आडव्या धाग्यांचे जाळे आणि वर त्यात बांधलेल्या लोकरीच्या गाठींची उभी लव. वर दिसणारी धूळ हा या कथेतला गौण भाग आहे. गालिच्याचा खरा शत्रू म्हणजे पायांनी आत दाबली गेलेली बारीक रेती. ती लवेच्या मुळाशी जाऊन बसते आणि प्रत्येक पावलागणिक लोकरीचे तंतू मुळातून कापत राहते. म्हणून वरून स्वच्छ दिसणारा गालिचाही आतून झिजतो आणि एक दिवस जाण्या-येण्याच्या वाटेवर टक्कल पडते. ही रेती वरून ओढून काढायची तर तिला सगळी लव पार करून गुरुत्वाकर्षणाच्या उलट वर यावे लागते. तोच गालिचा पालथा टाकला आणि पाठीवरून वेताच्या छडीने थापटला, तर लवेची दिशा जमिनीकडे होते आणि रेती आपल्याच वजनाने सुटून खाली पडते. ऊन आणि वारा जोडीला असतात. लोकर खाणारी कसर अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी वाढते. उलथापालथ आणि ऊन तिला मानवत नाही. म्हणजे एकाच कृतीत रेती, ओल आणि कीड या तिन्हींचा बंदोबस्त होतो. त्यासाठी अट एकच: गालिचा उचलता आला पाहिजे.

ही अट युरोपात बराच काळ आपोआप पाळली गेली, कारण तिथे गालिचा इतका महाग होता की त्यावर पाय ठेवण्याची प्राज्ञा नव्हती. होल्बाइनने १५३३ साली रंगवलेल्या दोन राजदूतांच्या प्रसिद्ध चित्रात तुर्की गालिचा आहे तो त्यांच्यामधल्या मेजासारख्या मांडणीवर पसरलेला. जमिनीवर तो हळूहळू उतरला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्टन, ॲक्समिन्स्टर ही गालिच्यांची केंद्रे झाली, पण खरी उलथापालथ केली यंत्रमागाने. मॅसॅच्युसेट्समधल्या इरॅस्टस बिगेलोने १८३९ च्या सुमारास गालिच्यांचा यंत्रमाग तयार केला आणि हातमागाच्या तिपटीच्या घरात उत्पादन नेले. पुढे त्याने लवेच्या गालिच्यांसाठीही माग केले, ते १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या सुमारास गाजले आणि हॅलिफॅक्सच्या क्रॉस्ली बंधूंनी त्यांचे हक्क विकत घेतले. या मागांवर गालिचा निघे तो पट्ट्यांच्या रूपात. साधारण २७ इंच रुंदीचे हे पट्टे शिवून जोडायचे, खोलीच्या कोनाड्यांप्रमाणे, शेकोटीच्या चौथऱ्याप्रमाणे कापायचे आणि भिंतीच्या कडेने बारीक खिळ्यांनी जमिनीला ठोकायचे. पूर्वी गालिचा श्रीमंताच्या घरातही मध्यभागी असे, आता तो कारकुनाच्या बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला. स्वस्ताईने गालिचा लोकांपर्यंत पोहोचवला हे खरे, पण त्याच स्वस्ताईने त्याला जखडूनही टाकले. हे ध्यानात आलेले लोक तेव्हाही होते. चार्ल्स ईस्टलेकने १८६८ साली घरसजावटीवर लिहिलेल्या पुस्तकात सबंध जमीन झाकण्याच्या या पद्धतीवर टीका करून सुट्या पौर्वात्य गालिच्यांची बाजू घेतली होती.

जखडलेल्या गालिच्याने घरात जे केले ते त्या काळच्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकांतून स्पष्ट दिसते. रोजच्या झाडलोटीला धूळ उडू नये म्हणून गालिच्यावर वापरलेल्या चहाची ओलसर पत्ती भुरभुरून मग झाडू मारायचा. इसाबेला बीटनच्या १८६१ च्या जाडजूड ग्रंथातही हा उपाय आहे. पण झाडूने मुळाशी बसलेली रेती निघत नाही. म्हणून वर्षातून एकदा, वसंतात, घर उलटेपालटे करायचे: सामान हलवायचे, खिळे एकेक करून उपसायचे, गालिचा अंगणात नेऊन दोरीवर टाकून झोडायचा, खालचे गवत किंवा कागद बदलायचे आणि पुन्हा ताणून खिळे ठोकायचे. जे काम पूर्वी महिन्या-पंधरवड्याला थोडे थोडे होई ते आता वर्षभर साचून एकदम अंगावर येऊ लागले. शहरात तर अंगणही नव्हते. लंडनच्या १८३९ च्या पोलीस कायद्याने रस्त्यावर गालिचा, सतरंजी किंवा पायपुसणे झटकणे-झोडणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. सकाळी आठच्या आत दारातले पायपुसणे झटकण्याची तेवढी मुभा ठेवली. त्यात अमेरिकेत १८७० च्या दशकात युरोपातून आलेल्या, गालिचे खाणाऱ्या एका भुंग्याने उच्छाद मांडला. तिथल्या कृषी खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी आपल्या पत्रकांत कारण सांगितले ते असे, की ही कीड ठोकलेल्या गालिच्यांच्या कडांखाली निर्धास्त वाढते. युरोपात सुटे गालिचे वापरतात आणि वरचेवर झाडतात, म्हणून तिथे तिचा एवढा त्रास नाही. सरकारी तज्ज्ञांनी दिलेली ही साक्ष माझ्या म्हणण्याला सर्वांत जवळची आहे. कीड तीच होती, लोकरही तीच. फरक खिळ्याचा होता.

यंत्रांची वंशावळ याच काळात सुरू होते हा योगायोग नाही. आयोवातल्या डॅनियल हेसने १८६० साली फिरता ब्रश आणि भाता जोडलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. शिकागोच्या आइव्हज मॅगॅफीने १८६९ साली हाताने फिरवायच्या पंख्यावर चालणारे यंत्र केले. एका हाताने मूठ फिरवायची आणि दुसऱ्याने ते ढकलायचे, असा द्राविडी प्राणायाम असल्याने ते फारसे चालले नाही. चालला तो मेलव्हिल बिसेलचा साधा ढकलझाडू. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स इथे बिसेल पती-पत्नींचे चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान होते. भांडी भुशात बांधून येत आणि तो भुसा दुकानातल्या गालिच्यात अडके. चाकांबरोबर फिरणारा ब्रश आणि केर साठवणारी पेटी असलेल्या यंत्राचे पेटंट बिसेलने १८७६ साली घेतले. १८८९ साली तो वारल्यावर त्याची पत्नी ॲना हिने कारखान्याची सूत्रे हाती घेऊन धंदा परदेशांपर्यंत नेला. या तिन्ही यंत्रांचे ध्येय एकच होते: गालिचा न उचलता, जागच्या जागी, वरून साफ करणे. हे ध्येय सुटा गालिचा वापरणाऱ्या घराला सुचण्याचे कारणच नव्हते.

बूथची गोष्ट या चौकटीत ठेवली की तिचा अर्थ बदलतो. बूथ हा पूल आणि जत्रेतली प्रचंड फिरती चक्रे बांधणारा इंजिनिअर. १९०१ साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये त्याने एक अमेरिकी यंत्र पाहिले. ते दाबाची हवा सोडून धूळ उडवी आणि ती पेटीत जाऊन पडावी अशी अपेक्षा करी. बरीचशी परत खालीच बसे. हवा सोडण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असे बूथने विचारले. मग एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली, घुसमटला, आणि रुमालाच्या आतल्या बाजूला उमटलेला काळा डाग पाहून त्याची खात्री पटली. त्याचे यंत्र घोड्यांनी ओढायच्या गाडीवर बसवलेले होते. ते रस्त्यात उभे राही आणि खिडक्यांतून लांबलचक नळ्या घरात जात. गाडीच्या आवाजाने घोडे बुजतात म्हणून त्याच्यावर खटलेही झाले. त्याला कीर्ती मिळाली ती १९०२ साली, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी. वेस्टमिन्स्टर ॲबीत अंथरलेले गालिचे मळलेले आढळले, समारंभ तोंडावर आलेला, ते उचलून बाहेर नेऊन झोडायला सवड नाही. बूथच्या नळ्या आत गेल्या आणि काम झाले. पुढे राजाने बकिंगहॅम आणि विंडसर राजवाड्यांसाठी यंत्रे घेतली. दरबारी कौतुक बाजूला ठेवून या प्रसंगाकडे पाहावे. यंत्राची उपयुक्तता सिद्ध झाली ती गालिचा उचलणे अशक्य असलेल्या क्षणी. ते झोडपण्यापेक्षा चांगली सफाई करते म्हणून नव्हे.

स्पँग्लरने तोच उपाय घरात आणला. ओहायोतल्या कँटन इथे एका दुकानात तो झाडलोटीचे काम करी आणि त्याला दमा होता. पंख्याची छोटी मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांतून त्याने यंत्र उभे केले आणि १९०८ साली पेटंट घेतले. ते हक्क विल्यम हूव्हर या कातडी सामानाच्या कारखानदाराने घेतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॅटर्डे ईव्हनिंग पोस्टमध्ये दहा दिवस फुकट वापरून पाहण्याची जाहिरात दिली. पण नुसत्या हवेच्या ओढीने मुळाशी रुतलेली रेती निघत नाही ही जुनी अडचण गेली नव्हती. हूव्हर कंपनीने १९२६ साली ब्रशच्या रुळावर धातूच्या पट्ट्या बसवल्या. यंत्र गालिचा किंचित वर ओढून घेई, त्या पट्ट्या त्याला थापटत आणि मोकळी झालेली धूळ पिशवीत जाई. आमचे यंत्र झाडते तसे झोडतेही, असा कंपनीच्या जाहिरातीचा रोख होता. वेताच्या छडीचे काम असे अर्ध्या शतकाच्या प्रयोगांनंतर यंत्राच्या पोटात परत आले. ज्या पद्धतीला मागासलेली ठरवून टाकले होते तिचे मर्म यंत्राला उसने घ्यावे लागले, यापेक्षा तिच्या शास्त्रीयतेचा वेगळा पुरावा कोणता हवा?

यावर पहिला आक्षेप असा येईल, की यंत्राला जन्म खिळ्याने दिला नाही, जंतूंच्या ज्ञानाने दिला. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, धुळीतून रोग पसरतो ही धास्ती घरोघर गेली आणि लोकांना धूळ नुसती हलवणारी नव्हे तर घराबाहेर नेणारी साधने हवीशी झाली. या म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये राहणाऱ्या नौसैनिकांत साथ पसरली तेव्हा बूथची यंत्रे लावून तिथून २६ टन धूळ काढल्याची नोंद सांगतात. पण कालक्रम पाहा. हेस, मॅगॅफी आणि बिसेल यांची यंत्रे कॉखच्या शोधाआधीची आहेत. शिवाय आरोग्यवाद्यांचा धुळीवरचा पहिला सल्ला यंत्र घेण्याचा नव्हताच. ठोकलेले गालिचे काढून टाका, पुसता येणारी जमीन ठेवा, फार तर सुटी सतरंजी वापरा, असा तो होता. फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात बनवलेले लिनोलियम रुग्णालयांत आणि स्वयंपाकघरांत पसरले ते यामुळेच. म्हणजे जंतूंच्या भीतीने गालिच्यासमोर दोन वाटा उघडल्या: खिळे उपसा, किंवा खिळे तसेच ठेवून आतली धूळ ओढणारे यंत्र आणा. दुसरी वाट विकता येण्याजोगी होती, म्हणून तिचा बोलबाला झाला. भीतीने यंत्राचा खप वाढवला. गरज तिच्या आधीच तयार होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. झोडपण्याचे काम कंबर मोडणारे होते, यंत्राने स्त्रीचे कष्ट वाचवले, मग त्याच्या जन्माचे कारण काहीही असो, तक्रार कशासाठी? कष्टाचा भार हलका झाला यात शंका नाही. वेळाचे मात्र तसे नाही. अमेरिकेतल्या वेळवापराच्या पाहण्या एकत्र करून जोआन व्हॅनेकने १९७४ साली दाखवले, की पूर्णवेळ गृहिणी १९२० च्या दशकात घरकामाला आठवड्याला सुमारे ५२ तास देई आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात याचे कारण उलगडले. गालिचे उचलून अंगणात नेणे आणि झोडणे हे पुरुषांचे, मुलांचे किंवा मजुरांचे काम होते. वर्षातून एकदा-दोनदा सगळे घर त्याला लागे. यंत्र आल्यावर ते एका माणसाला जमण्यासारखे झाले, म्हणून एकाच माणसावर पडले, आणि वर्षाऐवजी आठवड्याला करण्याची अपेक्षा निर्माण झाली. उचलण्याचे काम सामुदायिक असते. दोन टोके धरायला दोन माणसे लागतात, झोडायला तिसरा, पोरे मधेमधे. आपल्याकडे सभेच्या सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याची थट्टा होते, पण ते काम निदान चारचौघांत वाटले जाते आणि दिसतेही. खिळलेला गालिचा बंद खोलीत, दुपारच्या वेळी, एकटीने साफ करायचा असतो.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. झोडपण्याने धूळ नाकातोंडात जाते, शेजाऱ्यांना त्रास होतो, नाजूक गाठी सैल होतात; आजच्या दाट वस्तीत ही पद्धत कोण चालवणार? धुळीचा मुद्दा मान्य करावा लागतो: दमेकऱ्याने हे काम करू नये आणि जुन्या रेशमी गालिच्यावर छडी चालवू नये. पण आरोग्याचाच हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडला पाहिजे. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी १९६४ साली घरच्या धुळीतल्या ॲलर्जीचे मुख्य मूळ म्हणून सूक्ष्म माइटकडे बोट दाखवले. या जिवाला जगायला हवेत ओल लागते आणि लपायला मऊ, न हलणारी जागा. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला गालिचा त्याला दोन्ही पुरवतो, आणि जिवंत माइट तंतूंना धरून बसतात, त्यामुळे नुसत्या ओढीने पुरते निघत नाहीत. सिडनीच्या टोव्ही आणि वुलकॉक या संशोधकांनी १९९४ साली दाखवले, की गालिचे कोरड्या, उन्हाच्या दिवशी काही तास बाहेर टाकले तर त्यातले जिवंत माइट मरतात. मेलेल्या माइटचे अवशेष आणि विष्ठा तेवढ्याने जात नाहीत, त्यासाठी झटकणे, धुणे किंवा यंत्र लागतेच. पण जी पहिली पायरी यंत्राला साधत नाही ती उन्हाला फुकटात साधते, आणि ऊन घरात येऊन गालिच्याखाली शिरत नाही. गालिच्यालाच उन्हात जावे लागते.

महाराष्ट्रातल्या घरांनी हा प्रश्न कधी उभाच राहू दिला नव्हता. सारवलेली जमीन असो, शहाबादी फरशी असो की विसाव्या शतकातल्या रंगीत सिमेंटच्या लाद्या, आपल्याकडे साफ करायची ती जमीन. तिच्यावरचे अंथरूण प्रसंगापुरते. जाजम, सतरंजी, घोंगडी, चटई यांपैकी काहीही कायमचे पसरलेले नसे. पाहुणे आले, पंगत बसली, भजन झाले की ते गुंडाळले जाई. दिवाळीच्या सफाईत गच्चीवर किंवा अंगणात टाकले जाई, लोकरीच्या वस्त्रांना रिठ्याचे पाणी लागे. येरवड्याच्या कारागृहात कैदी गालिचे विणत, पण ते इथल्या मध्यम घरांच्या जमिनीवर ठोकायला नव्हते. म्हणून युरेका फोर्ब्सने १९८२ पासून मुंबईतून व्हॅक्युम क्लीनर दारोदार विकायला सुरुवात केली तेव्हा विक्रेत्याला दिवाणखान्यात ठोकलेला गालिचा क्वचितच सापडे. गाद्या, सोफे, पडदे यांतली धूळ काढून दाखवावी लागे. यंत्र ज्या वस्तूसाठी जन्मले ती वस्तूच इथे नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टनच्या आसपास स्वस्त कृत्रिम धाग्याचे रुंद गालिचे यंत्रांवर निघू लागले आणि तिथे मजुराच्या घरापर्यंत पोहोचले. आपल्याकडे ते आले ते हॉटेलांत, कार्यालयांत, नाट्यगृहांत, आणि आता काही सदनिकांतही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने दमट राहणाऱ्या हवेत असा चिकटवलेला गालिचा म्हणजे बुरशी आणि कुबट वास यांना दिलेले निमंत्रण आहे. खोली सतत वातानुकूलित ठेवता येत असेल तरच तो निभतो, आणि तो खर्चही गालिच्याच्याच खात्यावर मांडला पाहिजे.

या सगळ्याचा अर्थ व्हॅक्युम क्लीनर टाकून द्यावा असा होत नाही. सुट्या गालिच्यावरची रोजची धूळ काढायला ते उत्तम साधन आहे, उंच इमारतीत तर छडीपेक्षा सोयीचे. त्याला त्याच्या जागी ठेवावे एवढेच म्हणणे आहे. ते वरवरच्या धुळीचे साधन आहे, गालिच्याच्या राखणीचे नव्हे. हाताने विणलेल्या गालिच्यावर यंत्राचा फिरता ब्रश बंद ठेवावा, दशांवरून नळी फिरवू नये, लवेच्या दिशेनेच चालवावे. महिन्यातून एकदा गालिचा पालथा करून पाठीवरून हलक्या हाताने थापटावा, म्हणजे मुळाशी साचलेली रेती खाली पडलेली दिसेल. ती आधी झाडून घ्यावी. पावसाळा संपला की कोरड्या दिवशी काही तास उन्हात टाकावा, पण रंग उडू नये म्हणून पाठ वर ठेवून. काही सांडले तर घासू नये, कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्यावे. दर सहा महिन्यांनी दिशा फिरवावी, म्हणजे झीज एकाच वाटेवर होत नाही. गुंडाळून ठेवायचा असेल तर पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा पाला किंवा कापूर घालून, आणि अधूनमधून उघडून पाहावा. हे सगळे करता येते ते गालिचा सुटा असेल तरच. म्हणून गालिचा घेताना किंमत, रंग, नक्षी यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: घरातली दोन माणसे मिळून हा उचलू शकतील का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो घेऊ नये.